वांगणीचा कोयता आणि अंगणातला आंबा

वांगणी हे नाव उच्चारले की मध्य रेल्वेने ये-जा करणाऱ्या वाचकाच्या डोळ्यांपुढे बदलापूर आणि नेरळ ह्यांच्या मधले स्थानक उभे राहते. ह्या लेखातली वांगणी ती नव्हे. ही वांगणी जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखातली आहे. रेल्वेचा रूळ तिच्या आसपासही फिरकलेला नाही. १९९२ च्या सुमारास 'वावर-वांगणी' असा जोडउच्चार सर्व मराठी वर्तमानपत्रांतून झाला, तो तिथे कुपोषणाने दगावलेल्या बालकांमुळे. पुढे १९९५ साली राज्य शासनाने आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना आखली, तिच्या पाठीमागे हीच वेदना होती. तेव्हापासून ते नाव भुकेशी असे काही बांधले गेले आहे की त्या मुलखातल्या माणसांना काय येत नाही ह्याची चर्चा आपण पुष्कळ करतो आणि काय येते ह्याची जवळजवळ करीतच नाही.

त्यांना झाड येते. पावसाळ्यापूर्वी आपल्या वाडीतला, कंपाउंडमधला किंवा बावखलाच्या काठचा आंबा छाटायला जो मनुष्य कमरेला कोयता लावून येतो, तो पुष्कळदा जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी ह्या बाजूचा असतो. भातकापणी आटोपली की तिकडची कुटुंबे वीटभट्टी, बांधकाम आणि बागायतीच्या कामांसाठी खाली उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात कोणी तरी त्यांतल्या एखाद्याला हाक मारतो, 'तेवढी फांदी घराच्या कौलांवर आली आहे, उतरवून दे,' म्हणतो, आणि काम झाले की हातावर पैसे ठेवतो. त्या माणसाच्या हातातला हा धंदा कोठून आला, त्याच्यावर कोणकोणते कायदे होऊन गेले आणि आज आपण त्याच्याकडून नेमके काय करून घेतो, हे पाहिले तर एक दीर्घ आणि बराचसा दुःखद इतिहास हाती लागतो.

त्या इतिहासाची सुरुवात राबापासून करावी लागते. उत्तर कोकणात भात किंवा नाचणी पेरण्यापूर्वी रोपांची जागा भाजून घेण्याची जुनी रीत आहे. जमिनीवर शेणाचा थर, त्यावर झाडांचा वाळलेला टहाळ, त्यावर पालापाचोळा व गवत आणि वरून बारीक माती असे थर रचतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी ते पेटवून देतात. पहिल्या पावसानंतर त्या भाजलेल्या जागेत बी टाकले की रोप जोमाने उठते आणि तणही कमी होते. हाच राब. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या सहकाऱ्यांसह ह्या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास केला. राखेतल्या खतापेक्षा माती तापण्याचा लाभही त्यात मोठा आहे, हे त्यातून पुढे आले. म्हणजे ज्या रीतीला साहेबाने अडाणी म्हटले होते, तिच्यात काही अर्थ होता.

राबासाठी टहाळ लागतो आणि टहाळासाठी झाडावर चढावे लागते. ऐनासारखी झाडे ह्यासाठी दरवर्षी छाटली जात. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या झाडावर पुढच्या वर्षीच्या रोपांची मदार आहे, ते झाड मारून चालत नाही. त्यामुळे शेंडा राखायचा, बाजूच्या फांद्या घ्यायच्या, ज्या खोडाला फूट येत नाही त्याला त्या वर्षी हात लावायचा नाही, असा एक संयम त्या कोयत्याला परंपरेने लागला होता. तो सर्वत्र पाळला जात होता असे म्हणण्याइतका भाबडेपणा कोणी करू नये. गाव वाढले, रान घटले, तशी पुष्कळ झाडे बोडकी होऊन मेलीही. परंतु फांदी कोठे तोडली असता झाड पुन्हा फुटते आणि कोठे तोडली असता ते कुजते, हे ज्ञान पोटाशी जोडलेले होते. पोटाशी जोडलेले ज्ञान सहसा खोटे नसते.

इंग्रज सरकारला झाडे हवी होती ती निराळ्या कारणासाठी. आरमाराची जहाजे, तोफांचे गाडे आणि पुढे रेल्वेचे स्लीपर ह्यांसाठी सागाला मागणी होती. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन ह्यांची जंगल-संरक्षक म्हणून नेमणूक झाली. पुढे १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांची आखणी सुरू झाली. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात शेतकऱ्याच्या खात्याच्या जमिनीतल्या झाडांविषयी स्वतंत्र कलम आले. झाडे शेतकऱ्याची खरी, पण राखून ठेवलेल्या जातींची झाडे सरकारची. साग आणि शिसव ही त्यांतली प्रमुख. ज्याच्या बांधावर साग उभा आहे, ज्याच्या गुरांनी त्याच्या सावलीत रवंथ केला आहे, त्याने त्या सागाला कोयता लावला तर तो गुन्हेगार. आपल्या अंगणातले झाड आपले की सरकारचे, हा प्रश्न तेव्हापासून ह्या जिल्ह्यात धुमसत राहिला आहे.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारींचा एवढा गदारोळ उठला की सरकारला १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. ह्या आयोगापुढच्या कामकाजात सगळ्यात जास्त शब्द खर्ची पडले ते राबासाठी टहाळ तोडण्याच्या हक्कावर. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की टहाळ नसेल तर राब नाही, राब नसेल तर भात नाही. वनखात्याचे म्हणणे असे की टहाळ तोडणे म्हणजे जंगलाची हळूहळू केलेली हत्या. दोन्ही पक्ष काही अंशी खरे होते. मला खटकते ते असे की फांदी कशी तोडावी, किती तोडावी आणि कोणी तोडावी ह्याचे शिक्षण द्यावे, हा विचार त्या वादात कोठे बळ धरताना दिसत नाही. तोडण्याची परवानगी द्यायची की नाही, एवढाच वाद. झाडाची निगा हा स्वतंत्र व्यवसाय होऊ शकतो ही कल्पना त्या काळी आपल्याकडे रुजायची होती. १८९२ मध्ये ह्याच दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा झाला, तेव्हा तर झाड उभे राहूनही त्याचे फूल घरात ठेवणे अवघड झाले.

जव्हारची गोष्ट थोडी वेगळी. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानाच्या उत्पन्नात जंगलाचा मोठा वाटा होता. लगतचा मोखाडा मात्र ब्रिटिश मुलखात, शहापूर तालुक्याच्या पोटात मोडत असे. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर दोन सरकारे होती. झाड तोडणारा हात मात्र दोन्हीकडे त्याच वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी माणसांचा होता. कूप ठेकेदाराला लिलावात जाई आणि ठेकेदार ह्या माणसांना कुऱ्हाड देऊन रानात पाठवी. मजुरी किती, ह्याचा हिशोब ठेकेदाराच्या वहीत. मुंबई प्रांतातल्या आदिवासींच्या स्थितीविषयी डी. सिमिंग्टन ह्यांनी १९३९ च्या सुमारास सरकारला जो अहवाल सादर केला, त्यात सावकारी, वेठ आणि जंगल-ठेकेदारांकडून होणारे शोषण ह्यांचे चित्र आहे. वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते.

झाडावर चढणाऱ्या माणसाची मजुरी हा विषय ह्या जिल्ह्यात एकदा रक्ताने लिहिला गेला आहे. १९४५ पासून गोदावरी आणि शामराव परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या जमावावर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती मरण पावले. लढा प्रथम वेठबिगारीविरुद्ध होता. पुढच्या वर्षी तो गवत कापण्याच्या आणि जंगलकामाच्या मजुरीवर आला. जंगलातल्या कामासाठी दिवसाला सव्वा रुपया मिळावा, ही मागणी होती. सव्वा रुपया! गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात हा सारा काळ आला आहे. त्या चळवळीच्या राजकीय मतांशी आपले पटो वा न पटो, झाड तोडणाऱ्याला पोटभर मजुरी मिळावी ह्या मागणीशी कोणाचे न पटण्याचे कारण नाही.

१९४६ मध्ये पुन्हा अधिकारावर आलेल्या बाळासाहेब खेर ह्यांच्या सरकारने ह्यावर एक उपाय योजला. १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था स्थापन होऊ लागल्या. कूप ठेकेदाराला न देता गावच्या कामगारांच्या संस्थेला द्यायचे, झाडे त्यांनीच तोडायची, मजुरी योग्य दराने घ्यायची आणि नफ्यातला काही भाग गावच्या कामाला लावायचा, अशी ती कल्पना. ठाणे जिल्ह्यात अशा संस्था मोठ्या संख्येने निघाल्या. स्थानिक माणसालाच झाडाच्या कामावर नेमा, त्याला नाव द्या, हिशोब द्या आणि दर द्या, हे तत्त्व आपल्या राज्यात प्रथम मोठ्या प्रमाणावर येथे आचरणात आले. पुढे ह्या संस्थांपैकी काही चांगल्या चालल्या, काही कागदावर उरल्या, काहींत जुना ठेकेदारच नवी टोपी घालून शिरला. सहकाराचे जे सर्वत्र होते ते येथेही झाले.

परंतु एक उणीव त्या चांगल्या योजनेतही होती. तिने कुऱ्हाडीला मान दिला, जोपासनेला दिला नाही. कूप तोडणारा माणूस सागाचे खोड जमिनीलगत, गुळगुळीत आणि किंचित उतरते कापतो. पाणी साचू नये आणि बुंध्याला जोमदार धुमारे फुटावेत म्हणून. हे कौशल्य लहान नाही. पण ते झाड पाडण्याचे कौशल्य आहे. उभे झाड पन्नास वर्षे उभे ठेवण्याचे कौशल्य निराळे. शंभर वर्षे सरकारने आणि ठेकेदाराने ह्या माणसांकडून पहिलेच काम करून घेतले. मग आज आपल्या अंगणात तो पहिल्याच पद्धतीने कोयता चालवतो ह्याचे आपल्याला नवल का वाटावे?

दुसऱ्या कौशल्याचा इतिहास शोधायचा तर डोंगर उतरून समुद्राकाठी यावे लागते. तो आपल्या वाचकांच्या पूर्वजांच्या काळाशी भिडलेला आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता ह्यांना मुंबई बेट खंडाने मिळाले होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधीविषयक ग्रंथात त्यांनी मुंबईतल्या आपल्या एका आंब्याच्या झाडाचा उल्लेख केला आहे. ते झाड वर्षातून दोनदा फळ देई. असे झाड पदरी असले की माणसाला ते बियांवर सोडवत नाही. कोय लावली तर झाड बापासारखे निघेल की नाही ह्याचा भरवसा नसतो. गोव्यात येशूसंघीयांनी आणि इतर पोर्तुगीजांनी आंब्याचे कलम करण्याची विद्या रुजवली. त्यातून आफोंसो, फेर्नांदिना, मालकुराद अशा नावांच्या जाती स्थिर झाल्या. आफोंसोचा आपल्या जिभेवर हापूस झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस भारतात राहिलेल्या निकोलाव मानुच्चीच्या लेखनातही गोव्याच्या नामांकित आंब्यांची नावे येतात. आपण त्या विद्येला जो शब्द वापरतो तो मात्र पोर्तुगीज नाही. 'कलम' हा अरबी-फारशीतून आला. लिहायची लेखणीही कलम आणि झाडाची जोडलेली कांडीही कलमच. दोन्हींना चाकूने तिरपा छेद द्यावा लागतो, हे त्यामागचे साधे कारण असावे.

ही विद्या चार शतके किनाऱ्यावर राहिली, डोंगरावर फारशी गेली नाही. जव्हार-मोखाड्यात आंबा होता तो रायवळ. गोड निघाला तर देवाची कृपा, आंबट निघाला तर लोणचे. जुन्या भेट कलमाच्या पद्धतीत रोपाची कुंडी मूळ झाडाच्या फांदीपाशी महिनोन्‌महिने बांधून ठेवावी लागे. त्यामुळे ज्याच्याकडे हापूसचे मूळ झाड आहे त्याच्याच वाडीत कलमे होत. १९७२ मध्ये दापोलीला कोकण कृषि विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथे कोय कलमाच्या पद्धतीचा प्रसार झाला. कोय रुजून तांबूस कोवळी फूट वर आली की काही दिवसांतच तिच्यावर पाचर पद्धतीने चांगल्या जातीची कांडी बांधायची. भेट कलमात जी गोष्ट झाडापाशी अडकली होती ती पिशवीत आणि मांडवात आली. बोटे हलकी, चाकू धारदार आणि मन शांत असेल तर हे काम कोणालाही शिकता येते. स्त्रियांना तर ते विशेष चांगले साधते.

मग दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. १९९० मध्ये राज्य शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू केली. स्वतःच्या जमिनीत फळझाडे लावण्यासाठी शेतकऱ्याला अनुदान मिळू लागले. दुसरीकडे मणिभाई देसाई ह्यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला स्थापिलेल्या बाएफ संस्थेने १९८२ पासून गुजरातमधल्या वांसदा भागात आदिवासी कुटुंबांसाठी 'वाडी' हा कार्यक्रम घडविला होता. नव्वदच्या दशकात तिच्याशी संलग्न असलेल्या मित्र ह्या संस्थेमार्फत तो जव्हारच्या परिसरात आला. २००० नंतर नाबार्ड आणि जर्मन अर्थसाहाय्य ह्यांच्या आधाराने तो विस्तारला. एका कुटुंबाची साधारण एकर जमीन. तीत आंबा आणि काजू, कडेला कुंपणाला बांबू, साग, गिरिपुष्प अशी झाडे, मधल्या पट्ट्यात नाचणी-वरई चालूच. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात तीन फूट खोल खड्डा त्या कातळात मे महिन्याच्या उन्हात खणायचा असतो आणि पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळाभर रोपांना डोक्यावरून पाणी घालायचे असते. ज्या घरात प्यायच्या पाण्यासाठी पायपीट आहे तेथे आंब्याला पाणी घालणारी बाई काय करत असते, हे शहरात बसून कळणार नाही.

वाडीने त्या मुलखाला आंबे दिले, काजू दिला, काही कुटुंबांचे स्थलांतर थांबवले. सगळ्यांचे नाही, आणि वाडी म्हणजे कुपोषणावरचा रामबाण असेही कोणी समजू नये. परंतु झाडाच्या विषयापुरते पाहिले तर तिचे मोठे देणे असे की तिने कोयत्याच्या मुलखात चाकू नेला. कलम बांधायचे कसे हे शिकलेली मुले-मुली तेथे तयार झाली. त्याहून महत्त्वाचे, कलमाची निगा राखायची कशी हेही त्यांना कळले. कलम जगले तरी त्याचे आयुष्य पुढच्या चार बारीक गोष्टींवर टांगलेले असते. बांधलेली प्लास्टिकची पट्टी वेळेवर कापली नाही तर ती सालीत रुतून गळफास होते. जोडाखालून खुंटाला फूट येते, ती खुडली नाही तर दोन वर्षांत खुंटच झाड होतो, वरचा हापूस वाळतो, आणि मालक म्हणतो, नर्सरीवाल्याने फसवले. पहिल्या दोन-तीन वर्षांचा मोहर मोह आवरून काढून टाकावा लागतो. बुंध्यापासून दोन-तीन फुटांवर झाडाला चहूबाजूंनी समतोल फांद्या ठेवून आकार द्यावा लागतो. ह्या वयात दहा मिनिटांत कात्रीने जे काम होते, तेच तीस वर्षांनी करवत, दोर आणि चार माणसे लावूनही नीट होत नाही.

आता आपल्या अंगणाकडे येऊ. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवून गेले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते मुंबई आणि वसईजवळून गेले, तेव्हा आपल्या भागातही झाडे कोसळली. त्यानंतर अनेक घरमालकांनी, सोसायट्यांनी भीतीने एकच उपाय केला. झाडाचा शेंडा उडवा. कंत्राटदार आला, पोरांना वर चढवले आणि पन्नास वर्षांचा आंबा किंवा शिरीष विजेच्या खांबासारखा करून सोडला. मालकाला वाटले, आता पडायची भीती गेली. वास्तविक भीती तेथून सुरू झाली. शेंडा उडवलेले झाड घाईघाईने पुष्कळ धुमारे फेकते. ते धुमारे जुन्या फांदीसारखे लाकडाच्या आतून येत नाहीत, सालीलगत चिकटलेले असतात. चार-पाच पावसाळ्यांत ते जड होतात आणि वाऱ्याने नेमके तेच निखळतात. शिवाय वरच्या मोठ्या जखमांतून कूज खाली उतरत जाते.

झाड माणसासारखे भरून येत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतले अलेक्स शायगो ह्यांनी हजारो खोडे करवतीने उभी चिरून पाहिली. १९७७ मध्ये त्यांनी मांडलेला सिद्धान्त आज जगभर मानला जातो. झाड कुजलेला भाग दुरुस्त करीत नाही, त्याच्याभोवती भिंती उभारते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. म्हणून फांदी कापताना झाडाच्या ह्या भिंती शाबूत ठेवायच्या. फांदी खोडाला मिळते तेथे बुडाशी किंचित फुगीर कडे असते. त्या कड्याच्या बाहेरून, कडे न दुखावता कापायचे. खोडालगत सपाट कापले तर भिंतच पडते, हातभर खुंट ठेवला तर तो कुजून आत वाट करतो. जड फांदी एका घावात कधीच उतरवायची नाही. आधी बुंध्यापासून थोड्या अंतरावर खालच्या बाजूने छेद, मग त्याच्या जरा बाहेरून वरच्या बाजूने, म्हणजे फांदी साल सोलून न नेता सुटते. शेवटी उरलेला खुंट कड्याच्या बाहेरून साफ करायचा. कुऱ्हाड-कोयत्याने हे होत नाही, त्याला करवत लागते. म्हणून कामाला येणाऱ्याच्या हातात काय आहे ते आधी पाहावे. पोकळी झालेल्या खोडात सिमेंट भरण्याची हौसही सोडून द्यावी. सिमेंट वाऱ्यात वाकत नाही, झाड वाकते, आणि आतल्या आत घर्षण होऊन पोकळी वाढते. तसेच बुंध्यापर्यंत फरशी घालणे हे झाडाचा श्वास कोंडण्यासारखे आहे. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करण्याचा आदेश दिला होता. आपल्या अंगणासाठी लवादाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आंब्याच्या जखमांवर आपले बागायतदार बोर्डो पेस्ट लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. फ्रान्समध्ये मियार्दे ह्यांनी बोर्डो मिश्रणाची माहिती प्रसिद्ध केली ते साल १८८५, म्हणजे नेमके आपल्या वन आयोगाचे साल. बुंध्याला भुसा पडत असेल तर भिरूड आत शिरला आहे असे समजावे. तार घालून अळी ओढून काढणारा जाणता माणूस त्या झाडाचा प्राण वाचवतो. बांडगूळ दिसले की ते जेथे रुतले आहे त्याच्या खालून फांदी कापावी, नुसते ओरबाडून उपयोग नाही. माडाच्या बाबतीत तर चढणाऱ्यावाचून गत्यंतरच नाही. शेंड्याची कोंब-बेचकी साफ करून गेंड्या भुंगा आकडीने काढणे आणि सोंड्या भुंग्याचे भोक वेळीच ओळखणे, हे खाली उभे राहून होत नाही. माडावर चढणारे हात आपल्या गावांतून वर्षागणिक कमी होत चालले आहेत. हे खेदाने नमूद करावे लागते.

कायद्याची बाजूही जाणून असावी. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, ऐन, जांभूळ अशी झाडे येतात. ती आपल्या मालकीची असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. १९६९ च्या कायद्याने आदिवासी खातेदाराच्या झाडांची विक्री शासनाच्या देखरेखीखाली आणली, ठेकेदाराने त्याला लुबाडू नये म्हणून. शहरी भागांना १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू आहे. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाल्यापासून आपल्यापैकी पुष्कळांची घरे त्या कक्षेत आली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. धोकादायक फांदीसाठी पालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा, विजेची तार जवळ असेल तर वीज बंद करून घेतल्याखेरीज कोणालाही वर चढवू नये. हा दुसरा मुद्दा परवानगीपेक्षा मोठा आहे. चढणारा पडला, भाजला तर त्याच्या घरी सांगावा धाडायला आपल्याकडे त्याचा पत्तादेखील नसतो. एका दिवसाच्या कामासाठी आलेला, नाव न विचारलेला माणूस. १९४७ च्या सहकारी संस्थेने त्याला निदान हजेरीपुस्तकात नाव दिले होते.

म्हणून कामाला कोणाला बोलवावे, असा प्रश्न विचारला तर माझे उत्तर असे, की स्वस्तात सर्वांत जास्त फांद्या उतरवून देतो म्हणणाऱ्याला नको. 'किती कमी कापले तर चालेल' हे आधी झाडाभोवती फिरून सांगणाऱ्याला बोलवावे. त्याला दोर, कमरपट्टा आणि डोक्याला टोपी आपण द्यावी, खाली एक सोबती असू द्यावा. मजुरी फांद्यांच्या गाडीभरावर न ठरवता दिवसावर ठरवावी. गाडीभरावर ठरवली की कोयता थांबत नाही. लाकूड मजुरीत वळते करून घेण्याची आपल्याकडची रीत तर पूर्ण वाईट. तिने मालक आणि मजूर दोघांनाही जाड फांदीची लालूच लागते. एखाद्या पॅरिशमधल्या दहा-पंधरा घरांनी मिळून जव्हारकडच्या वाडीवर शिकलेल्या दोघा-तिघांना वर्षाचे काम नेमून दिले तर त्यांना पंधरा घरांचा रोजगार मिळेल आणि झाडांना दरवर्षी तोच ओळखीचा हात मिळेल. डहाणूजवळच्या कोसबाडला कृषि विज्ञान केंद्र आहे, दापोलीचे विद्यापीठ आहे. प्रशिक्षणाची वानवा नाही.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. पालिका आणि घरमालक छाटणीची घाई करतात ती एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आधी. त्या वेळी वांगणीकडची शिकलेली पोरे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर अडकलेली असतात आणि हाताशी मिळतो तो कोणीही. आंब्याची खरी छाटणी तर फळ उतरल्यानंतरची, आणि कोय कलमाचा हंगाम जून ते ऑगस्ट. तेव्हा ती मंडळी आपल्या गावी लावणीच्या चिखलात असतात. लावणी संपून कापणी सुरू होईपर्यंत मधे काही आठवडे हात मोकळे राहतात. घरात दाणा सर्वांत कमी असतो तोही ह्याच आठवड्यांत.